खळग्यातले शांत गाव

घरे विकणाऱ्यांच्या जाहिरातीत हल्ली दोन शब्द हमखास असतात: 'शांत परिसर'. त्या परिसरात राहायला गेलेल्या माणसाला गाठून विचारा, म्हणजे शेजारच्या इमारतीच्या पायाचे खोदकाम, समोरच्या मंगल कार्यालयातला ध्वनिक्षेपक आणि पहाटे तीनला सभा भरवणारी कुत्री यांची साग्रसंगीत हकीकत तो तुम्हाला ऐकवील. आपल्याकडे शांतता फक्त जाहिरातीत मिळते, अशी आपली एकदा समजूत झाली आहे. त्यामुळे परदेशी जाऊन आलेला मनुष्य चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच म्हणतो, "काय शांतता हो तिकडे!" जणू काही तिकडे शांतता गवतासारखी आपोआप उगवते आणि लोक नुसते तिच्यावर चालतात.

यंदा सप्टेंबरात मी एका शांत जर्मन गावात तीन दिवस राहून आलो. तिथली शांतता आपोआप उगवलेली नाही, असे माझे मत झाले आहे. फराळाचे ताट बाजूला न सारता वाचता येईल अशा बेताने ते सांगतो.

गावाचे नाव नोर्डलिंगेन. आमचे चिरंजीव स्टुटगार्टला नोकरीस आहेत. तिथून आगगाडीने निघायचे, आलेनला गाडी बदलायची, की सकाळचे निघालेले आपण जेवणाच्या आत नोर्डलिंगेनला. वस्ती वीस हजारांच्या आसपास. आपल्याकडच्या हिशेबाने धड तालुक्याचे ठिकाणही नव्हे. चिरंजीवांनी हेच गाव का निवडले, याचे कारण मला गाडीतच उमगले होते. त्याच्या मनात तिकडे घर घ्यायचे आहे आणि आईबाबांनी वर्षातले सहा महिने तरी तिथे येऊन राहावे, असा त्याचा आग्रह आहे. मोठ्या शहराने आई बुजली. तेव्हा लहान गाव दाखवून पाहावे, असा हा डाव. आमच्या सौ.नेही तो ओळखला होता, पण ती खिडकीबाहेर बघत गप्प बसली होती. तिचे गप्प बसणे हे होकारार्थी नसते, हे मला पस्तीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहे.

स्टेशनातून बाहेर पडून थोडे चालले की गावाची वेस लागते. वेस म्हणजे नुसती नावाची वेस नव्हे. दगडी कमान, वर बुरूज, दोन्ही बाजूंनी लांबवर गेलेला तट. असा संपूर्ण गावाभोवतीचा तट जर्मनीत फार थोड्या ठिकाणी शिल्लक आहे, आणि इथे तर तटावरून सबंध गावाला प्रदक्षिणा घालता येते. तटाची लांबी २.७ किलोमीटर, वेशी पाच. तटावरच्या वाटेला कौलारू छप्पर आहे, त्यामुळे पाऊस असला तरी छत्री लागत नाही. १३२७ साली बादशहा लुडविग याने गाव वाढल्यामुळे हा नवा तट बांधण्याचा हुकूम दिला. त्याच्या आधीचा जुना तट गेला, पण त्याच्या जागी गोल फिरणारे रस्ते राहिले आहेत. झाड कापल्यावर खोडात वर्तुळे दिसतात तशी ही दोन वर्तुळे नकाशात दिसतात.

आम्ही दुपारी तटावरून प्रदक्षिणा घातली. एका बाजूला घरांची मागची दारे, परसातली सफरचंदाची झाडे, दोरीवर वाळत घातलेले कपडे, तटालाच पाठ टेकून बांधलेली इवलीशी घरे. माणूस मात्र अख्ख्या प्रदक्षिणेत चार-पाचच भेटले. प्रत्येकाने आम्हाला नमस्कार केला आणि प्रत्येक जण पुढे निघून गेला. सौ. म्हणाली, "अहो, इथे दुपारचं कोणी कोणाकडे जात नाही का?" चिरंजीव म्हणाले, "आई, फोन करून जातात." सौ. पुन्हा गप्प.

गावाच्या मधोमध सेंट जॉर्जचे देऊळ, म्हणजे चर्च, आहे. १४२७ पासून १५०५ पर्यंत त्याचे बांधकाम चालले होते. त्याच्या ९० मीटर उंच मनोऱ्याला गावकरी लाडाने 'डानिएल' म्हणतात. पायऱ्या ३५०. सिंहगड चढताना दर वळणावर 'आता आलंच' म्हणणारा एक जण सोबत असतो, तसा कोणी इथे नसल्यामुळे त्या अधिक वाटतात. वर गेले की मात्र श्रमाचे सार्थक होते. खाली लाल कौलांची गोल परडी, तिच्याभोवती तटाची कड, तटाबाहेर सपाट शेते आणि त्यांत विखुरलेली खेडी. मग अगदी लांब, क्षितिजालगत, एका टोकापासून निघून फिरत फिरत पुन्हा त्याच टोकाला मिळणारी टेकड्यांची रांग. म्हणजे ताटात वाटी ठेवावी तसा प्रकार: वाटी गावाची, आणि ताट?

ते ताट कोणी केले, हा खरा प्रश्न. कितीतरी वर्षे विद्वान म्हणत आले की इथे पुरातन काळी ज्वालामुखी होता. कारण देऊळ ज्या करड्या दगडाचे बांधले आहे, त्यात काचेसारख्या काळ्या चकत्या सापडतात आणि तो दिसतो ज्वालामुखीच्या राखेच्या दगडासारखा. या दगडाला स्वाबिया प्रांतावरून 'सुएव्हाइट' असे नाव पडले. १९६० साली यूजीन शूमेकर हा अमेरिकन भूशास्त्रज्ञ इकडे आला. जवळच्या ओटिंग गावच्या खाणीतले दगड त्याने गोळा केले, आणि एडवर्ड चाओ या सहकाऱ्याबरोबर त्यांची तपासणी झाली. त्यात 'कोएसाइट' नावाचे खनिज निघाले. साधी वाळू अतिप्रचंड दाबाखाली चिरडली गेली तरच हे खनिज तयार होते. इतका दाब ज्वालामुखीच्या तोंडाशी मिळत नाही. तो मिळतो आकाशातून काही येऊन आदळले तर. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी साधारण एक किलोमीटर व्यासाचा एक लघुग्रह इथे येऊन आदळला आणि त्याने जमिनीत चोवीस-पंचवीस किलोमीटर रुंदीचा खळगा पाडला. त्या धडाक्याने वितळलेल्या वाळूचे हिरवे काचखडे शेकडो किलोमीटर दूर, आजच्या झेक देशात जाऊन पडले; तिकडच्या बायका ते अंगठीत आणि डुलात घालतात. खळग्यात पुढे तळे झाले, तळे गाळाने भरले, आणि आज तिथे गहू पिकतो.

गावकऱ्यांच्या पूर्वजांना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांना जवळ मिळाला तो दगड त्यांनी काढला आणि देवाचे घर बांधले. त्या दगडात भिंगाखालीच दिसावेत इतके सूक्ष्म हिरेही आहेत, असे कळल्यावर सौ.ने देवळाच्या भिंतीवरून एकदा हात फिरवून पाहिला. "एवढे हिरे असून कोणाच्या अंगावर नाहीत," एवढाच तिचा अभिप्राय. दगड काही फार टणक नाही. हवापाण्याने झिजतो, आणि देवळाच्या दुरुस्तीचे काम गावाच्या मागे कायमचे लागलेले आहे.

खळग्याविषयीचे एक संग्रहालय गावातल्या जुन्या कोठारात १९९० साली उघडले आहे. तिथे चंद्रावरून आणलेला एक खडा काचेआड ठेवलेला आहे. याचे कारण असे, की १९७० च्या ऑगस्टात 'अपोलो १४' चे चांद्रवीर ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल इथे शिकायला आले होते. चंद्रावर कोणता दगड उचलायचा, हे त्यांना या खाणींतून शिकवले गेले. ज्याने हे सारे शोधले त्या शूमेकरला स्वतःला चंद्रावर जायचे होते, ते प्रकृतीमुळे जमले नाही. १९९७ साली तो वारल्यावर त्याच्या रक्षेचा अंश एका यानातून चंद्रावर पोचवण्यात आला.

संग्रहालयातल्या एका चित्रासमोर सौ. थबकली आणि म्हणाली, "हे तर आमचं लोणार!" तिचे माहेर मेहकरचे. लोणारचे सरोवर तिने लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून पाहिलेले. मी तिला सांगितले, की मेहकरहून लोणारला जायला जेवढे अंतर, जवळजवळ तेवढी या खळग्याची रुंदी; लोणारचा खळगा त्यापुढे पावणेदोन किलोमीटरचा. "लहान असेल," ती म्हणाली, "पण पाणी आहे त्यात." यावर काय बोलणार? तिचे म्हणणे एका परीने शास्त्राला धरूनही आहे. लोणारलाही कितीतरी काळ ज्वालामुखीच समजत होते. तो आघाताचाच खळगा, हे पक्के झाले १९७३ साली. काळ्या अग्निजन्य खडकात पडलेला असा खळगा पृथ्वीवर दुर्मिळ, म्हणून चंद्रमंगळाचा अभ्यास करणारे आपल्या बुलढाण्यात येतात. आपल्या पूर्वजांनी तिथे लवणासुराची कथा रचली आणि गावात दैत्यसूदनाचे अप्रतिम देऊळ उभे केले. या खळग्यात गव्हाचे शेत, त्या खळग्यात खारे पाणी. दोन्हीकडे माणसाने पहिले काम केले ते देऊळ बांधण्याचे. संग्रहालयातल्या बाईंना सौ.ने चिरंजीवांच्या मार्फत विचारले, "तुमच्याकडे हे कोणत्या राक्षसाने केलं म्हणतात?" बाई बिचाऱ्या गोंधळल्या. त्यांच्याकडे त्याला राक्षस नव्हता.

राक्षस माणसांनी पुढे स्वतः पैदा केले. गावात द्राक्षमद्याचा एक बाजारचौक आहे. तिथे मारिया होल नावाच्या बाईचे स्मारक म्हणून कारंजे केलेले आहे. ही चौकातल्या एका खानावळीची मालकीण. १५८९ नंतर काही वर्षे या गावाला चेटकिणी शोधण्याचे वेड लागले आणि तीसहून अधिक बायकांचा त्यात बळी गेला. जिला पकडत तिचे हाल करून तिच्याकडून आणखी नावे वदवून घेत, मग त्यांना पकडत. १५९३ साली मारिया होलला धरले. तिचा ६२ वेळा छळ केला. ती कबूल झाली नाही, आणि तिने एकही नाव घेतले नाही. शेवटी १५९४ साली तिला सोडावे लागले, आणि तिच्या त्या 'नाही'मुळे गावातला हा प्रकार पुढे ओसरला. सौ. त्या कारंज्याच्या काठावर बराच वेळ बसून होती. मीही बसलो. समोर दोन मुले सायकली टेकवून बर्फाची मलई खात होती. इतकी शांतता होती, की सायकलच्या चाकाची फिरती टिकटिक ऐकू यावी.

हीच बाई पुढे म्हातारी होऊन १६३४ साली वारली. त्या वर्षी गावाला वेढा पडला होता. तीस वर्षांचे युद्ध चालू होते. आत आसऱ्याला आलेली खेडूत मंडळी, उपासमार आणि प्लेग. गावाच्या सुटकेला स्वीडनचे आणि त्यांच्या मित्रांचे सैन्य आले आणि सप्टेंबरच्या ५ व ६ तारखांना जवळच्या टेकड्यांवर त्याचा साफ मोड झाला. युरोपच्या इतिहासात ही लढाई मोठी गणतात. गावाच्या दृष्टीने तिचा अर्थ एवढाच, की ते भिकेला लागले. त्याआधी नोर्डलिंगेनची जत्रा दूरवर गाजलेली होती. तिचा उल्लेख १२१९ पासून सापडतो. लढाईनंतर व्यापार गेला तो पुन्हा तसा आला नाही. गावाजवळ जुनी घरे पाडून नवी बांधायला पैसा राहिला नाही, तट मोडून बाहेर पसरायला कारण राहिले नाही. आज आपण ज्याला 'किती छान जपलंय हो!' म्हणून टाळ्या देतो, त्यातले बरेचसे दारिद्र्याने जपलेले आहे. माझ्या मते, पाहुण्याने ही गोष्ट ध्यानात ठेवूनच छायाचित्रे काढावीत.

आम्ही उतरलो होतो ते घर सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंचे. माडीवरच्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना देतात. पहिल्या रात्री त्यांनी सूप केले. धिरड्यासारखे पातळ घावन, गुंडाळून शेवईसारखे चिरायचे आणि कढत पाण्यात सोडायचे. तिकडे याचे पाणी बहुधा गोमांसाचे असते. आम्ही आधी सांगून ठेवले होते म्हणून बाईंनी गाजर, कांदा आणि सेलरीचे केले. या घावनाच्या पट्ट्यांना तिकडे 'फ्लेडले' म्हणतात. आणि गंमत पाहा: देवळाच्या दगडातल्या त्या काळ्या काचेच्या चकत्या, ज्या दीड कोटी वर्षांपूर्वी दगड वितळून झाल्या, त्यांनाही तिकडचे लोक 'फ्लेडले' असेच म्हणतात. प्रलयाला सुपातल्या पट्टीचे नाव ठेवणारी माणसे मला आवडली. सौ.ने दुसऱ्या दिवशी बाईंना आपले धिरडे करून दाखवले, डाळीचे पीठ भारतीय दुकानातून आणून चिरंजीवांकडे ठेवलेले होते त्याचे. दोघींची भाषा एक नव्हती, पण तवा एक होता.

जर्मनीत रात्री दहानंतर आवाज करायची सोय नाही. धुण्याचे यंत्र लावले तरी शेजारी कपाळाला आठ्या घालतो. आणि याच देशात, या गावात, रात्री दहाला डानिएलच्या माथ्यावरचा पहारेकरी ओरडायला लागतो! तो गावाचा पगारी नोकर आहे. दहापासून बारापर्यंत दर अर्ध्या तासाला तो चहूकडे तोंड करून लांब सुरात हाक देतो: "झो, ग्झेल, झो!" म्हणजे साधारण, 'अस्सं, गड्या, अस्सं!' याची गोष्ट अशी सांगतात: १४४० साली शेजारच्या एका सरदाराने गाव बळकावण्यासाठी वेशीवरचे पहारेकरी फितवले. रात्री वेस लोटलेली होती, पण कडी घातलेली नव्हती. कोणाचे तरी एक डुक्कर सुटले आणि वेशीला अंग घासू लागले. वेस हलली. तिथून जाणाऱ्या एका बाईने ते पाहिले आणि ती ओरडली, 'झो, ग्झेल, झो!' गाव जागे झाले आणि वाचले. सहाशे वर्षे होत आली, डुकराचे उपकार गाव विसरलेले नाही. आपल्याकडे कोणा माणसाचे उपकार इतकी वर्षे टिकत असल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

पूर्वी म्हणे वरची हाक आली की खाली वेशींवरचे पहारेकरी तिला उत्तर देत. ते जागे आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठीच ती हाक होती. आता वेशीवर कोणी नसते. वरून हाक येते, आणि खाली चिडीचूप.

मी बाईंना विचारले, "रोजच्या हाकेने झोपमोड होत नाही?" चिरंजीवांनी भाषांतर केले. बाई म्हणाल्या, "माझी मुलं म्युनिकला असतात. घरात मी एकटी. तो ओरडतो तेव्हा वाटतं, कोणीतरी जागं आहे. नाही ओरडला तर मी उठून खिडकीशी जाईन." चिरंजीवांनी हे सांगितले, तेव्हा त्याचा स्वर जरा खाली आला होता. सौ.ने बाईंच्या हातावर हात ठेवला, आणि मग मुलाकडे न बघता म्हणाली, "तू घर घे. पण मी यायचं ठरवलं तर किती दिवस, ते मी सांगीन, तू नाही." डाव उलटला की जमला, हे त्याला कळले नाही. मलाही नाही.

तिसऱ्या रात्री आम्ही तिघे खिडकीत उभे होतो. खाली गल्लीत एक दिवा, एक मांजर आणि बंद दारे. बरोबर साडेदहाला वरून हाक आली. आवाज तरुण माणसाचा होता. शेवटचा 'झो' त्याने लांबवला, आणि तो कौलांवरून घरंगळत गेला. उत्तर कुठूनच आले नाही. तेव्हा आमच्या सौ.ने, माहेरी अंगणातून कोणी हाक मारल्यावर माजघरातून द्यायची त्या सुरात, हळूच "ओ" दिली.

चिरंजीव हसले. "आई, त्याला ऐकू नाही जायचं, नव्वद मीटर आहे."

"त्याला नाही," ती म्हणाली, आणि खालच्या मजल्यावर बाईंची खिडकी उघडी होती तिकडे तिने बोट दाखवले.

अकराला पुन्हा हाक आली. या वेळी खालच्या खिडकीतूनही काहीतरी ऐकू आले. काय ते मला नीट कळले नाही. चिरंजीव म्हणतात, बाई नुसत्याच खोकल्या. बाराची हाक होईपर्यंत आम्ही खिडकी लावली नाही. सकाळची गाडी सात वाजून काही मिनिटांची होती, आणि सामान बांधायचे तसेच राहिले होते.